डोळ्याचा डाव

आमच्या गावाचे नाव ऐकले की नवखा माणूस हमखास हसतो. 'वेड घेऊन पेडगावला जाणे' या म्हणीतले पेडगाव ते तुमचेच का, असे विचारतो. मी दर वेळी शांतपणे सांगतो की, नाही हो. म्हणीतले पेडगाव भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. तिथे बहादूरगड आहे. शिवकालात तिथे मोगलांची छावणी होती आणि मराठ्यांच्या एका तुकडीने तिला हूल कशी दिली याची हकीकत त्या म्हणीमागे सांगतात. आमचे पेडगाव परभणीजवळचे. इथे किल्ला नाही, खानाची छावणी नाही. काळी जमीन आहे, ज्वारी-कापूस-सोयाबीन आहे, आणि मे महिन्यात डोक्यावर असे ऊन आहे की कावळासुद्धा लिंबाच्या सावलीतून बाहेर पडत नाही.

बाहेर पडतात ती फक्त पोरे.

म्हणीचे पेडगाव आमचे नसेल. पण तिचा अर्थ, म्हणजे ठाऊक असून ठाऊक नसल्याचे सोंग आणणे, तो मात्र आमच्याही गावाला परका नाही. ते सोंग मी स्वतः वयाच्या अकराव्या वर्षी आणले होते. त्याची किंमत दुसऱ्याने भरली. कादंबरीत हा प्रसंग मी दोनदा लिहायला घेतला आणि दोन्ही वेळा पाने फाडून टाकली, कारण कादंबरीतला मी दर वेळी खऱ्या माझ्यापेक्षा बरा निघत असे. म्हणून आता तो सरळच सांगतो. त्याच्या पाठोपाठ गेली कित्येक वर्षे डोळ्यांच्या दुखापतींविषयी जे वाचत आलो, तेही सांगतो. मी दहावीच्या पुढे न शिकलेला मास्तर. वैद्यकातले मला वाचून आणि विचारून कळले तेवढेच.

विटीदांडूपासून आरंभ केला पाहिजे. हा खेळ किती जुना? महाभारताच्या आदिपर्वात कौरव-पांडव लहानपणी हस्तिनापुराबाहेर खेळत असता त्यांची 'वीटा' कोरड्या विहिरीत पडते, आणि द्रोणाचार्य गवताच्या काड्यांची साखळी करून ती वर काढून देतात. कोणी वीटा म्हणजे चेंडू समजतात, कोणी विटी. आम्ही पेडगावकर अर्थात विटीच्या बाजूचे. द्रोणाची राजघराण्यातली नोकरी लागली ती या खेळापायी, हे ध्यानात घेतले म्हणजे या खेळाला उनाडांचा खेळ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना काय उत्तर द्यावे ते कळते.

दुसरी गंमत मोजणीची. वकट, लेंड, मूंड, नाल. लहानपणी आम्हांला हे शब्द मंत्रासारखे वाटत. अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. पुढे एका तेलुगू कुटुंबाशी स्नेह जडला, तेव्हा त्यांच्या घरचे लेकरू बोटे मोजताना ऐकले, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. आम्ही इतकी वर्षे तेलुगूत मोजत होतो! मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या अमलात, तेव्हा हे शब्द तिकडून आले असतील असे मला वाटले. पण तो तर्क टिकला नाही, कारण पुण्याकडची पोरेही हेच शब्द मोजत आली आहेत. मूळ कुठले तरी जुने असणार. नालच्या पुढचे आकडे मात्र तोंडातोंडी इतके झिजले आहेत की गावागणिक निराळे ऐकू येतात.

प्रत्येक आकड्याला विटी उडवण्याची एकेक तऱ्हा असे. एकदा पायाच्या चवड्यावरून, एकदा मुठीवरून, एकदा बोटांच्या बेचक्यातून. आमच्या आळीच्या रिवाजात नालनंतर जो डाव येई त्याला सरळ 'डोळा' म्हणत. मान मागे टाकायची, मिटलेल्या डोळ्यावर विटी ठेवायची, मानेच्या झटक्याने ती खाली सोडायची आणि पडता पडता दांडूने टोला द्यायचा. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो. दोन्ही टोकांना तासलेले लाकूड आणि त्याच्या रोखाने येणारा दांडू, मध्ये लेकराचा डोळा. आणि हे पाहत ओट्यावर बसलेली मोठी माणसे पान लावीत होती.

पण आमचा अपघात या डावात झाला नाही. अपघात असे सांगून येत नसतात.

१९९२ चा मे महिना. परीक्षा संपलेली. माझ्या हाती नवी विटी होती, बाभळीच्या वाळल्या लाकडाची, मीच तासलेली. विटी जितकी टोकदार तितकी ती दांडूच्या टिपणीने उंच उसळते, हे मी ताडले होते. म्हणून इतरांच्या विट्यांपेक्षा माझी अधिक अणकुचीदार केली होती. त्याचा मला फार अभिमान होता. दुपारची वेळ. घरातून 'उन्हात खेळाल तर तंगड्या मोडीन' असा हुकूम सुटलेला, म्हणून आम्ही गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडच्या पडीत खेळत होतो. राज्य त्याच्यावर. तो माझा शेजारी, माझ्याच वर्गातला, माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. झेल घ्यायचा म्हणून तो जवळ सरकला होता. मी विटी उडवली आणि टोला दिला.

तो ओरडलासुद्धा नाही. नुसता खाली बसला. डाव्या डोळ्यावर हात, आणि हाताखालून पाणी. रक्त फारसे नव्हते. म्हणूनच आम्हांला वाटले की फार झाले नाही. आज मला ठाऊक आहे की ते पाणी आसवांचे नव्हते. डोळ्याच्या आतले होते.

आम्ही दोघांनी तिथेच ठरवले. मी म्हणालो, आणि हे वाक्य माझेच होते, "बाभळीचा काटा लागला म्हणून सांग." त्याने मान हलवली. त्याला स्वतःच्या डोळ्यापेक्षा काकांच्या छडीची भीती अधिक होती, आणि मला माझ्या बाबांची.

घरी गेल्यावर त्याच्या आजीने विचारले, "कामून डोळा धरून बसलास रे?" आम्ही काट्याचे सांगितले. मग काट्यावरचे उपचार सुरू झाले. कोणी अंगावरचे दूध घातले, कोणी मध. पदराला तोंडाची वाफ देऊन शेकले. डोळा चोळून कुसळ राहिले आहे का ते पाहिले. हे सारे मायेने, आणि हे सारे फुटलेल्या डोळ्यावर. मी दाराआड उभा राहून पाहत होतो. एक वाक्य बोललो असतो तर हात थांबले असते. मी बोललो नाही. चार दिवस बोललो नाही.

पाचव्या दिवशी त्याला औरंगाबादला नेले. माझे बाबा सोबत गेले आणि मी हट्ट करून त्यांच्या मागे. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिले, मग दिवा विझवला आणि त्याच्याजवळ बसून अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाळा, काट्यानं असं होत नाही. लाकूड होतं का? मी कुणाला रागावू देणार नाही." तेव्हा तो रडला, आणि त्याच्या आधी मी.

पुढे त्यांनी काकांना जे सांगितले ते ऐकून काका भिंतीला टेकले. डावा डोळा गेलाच होता. पण तो तसाच ठेवला तर उजवाही जाण्याचा धोका होता. म्हणून डावा काढावा लागेल. गावाहून मागाहून आलेली आजी म्हणाली, "लेकराचा डोळा काढू देणार न्हाई मी. हाय तसा राहू द्या. देव बघंल." एक डोळा फुटला म्हणून दुसरा धडधाकट डोळा आंधळा कसा होईल, हे तिला पटेना. तिचेच काय, मलाही ते पुढे वीस वर्षे नीट उमगले नव्हते.

ते उमगले एका फ्रेंच पोराच्या चरित्रातून. लुई ब्रेल. हे नाव सर्वांना ठाऊक असते. पण तो जन्मांध नव्हता, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पॅरिसजवळच्या कूव्रे नावाच्या खेड्यात ४ जानेवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला. बाप घोड्यांची खोगिरे आणि चामड्याचे साज बनवी. तीन वर्षांचा लुई बापाच्या कामाच्या जागी शिरला, चामड्याला भोक पाडायची आरी उचलली, आणि ती निसटून त्याच्या डोळ्यात गेली. एक डोळा. मग काही काळाने, कोणी बोट न लावता, दुसराही. पाचव्या वर्षी संपूर्ण काळोख. पंधराव्या वर्षी, १८२४ साली, त्याने सहा ठिपक्यांची लिपी रचली; ती आज मराठीसाठीही वापरतात, कारण १९५१ साली भारतीय भाषांसाठी तिची एक समाईक मांडणी ठरली. ते ठिपके कागदावर उमटवायला जी टोकदार सळई लागते ती जवळजवळ आरीसारखीच असते. कादंबरीकाराने असा योगायोग रचला तर टीकाकार त्याला सोडणार नाहीत.

दुसरा डोळा का गेला? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी या नेत्रवैद्याने १८३० मध्ये आपल्या ग्रंथात या आजाराचे नीट वर्णन केले. त्याला वैद्यकात जे नाव आहे त्याचा अर्थ 'सहानुभूतीचा दाह' असा होतो. नाव गोड, दुखणे भयंकर. डोळ्याच्या आतले काही भाग असे आहेत की शरीरातल्या रखवालदारांची आणि त्यांची कधी गाठच पडलेली नसते. डोळा खोलवर फाटला की ते भाग उघडे पडतात. रखवालदार त्यांना परके समजतात आणि तुटून पडतात. मग तशीच वस्तू दुसऱ्या, निरोगी डोळ्यातही आहे असे दिसताच तिथेही हल्ला होतो. हे क्वचितच घडते. घडले तर कधी काही आठवड्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा. हल्ली त्यावर औषधे आहेत आणि पूर्वीसारखा दर वेळी डोळा काढावा लागत नाही. पण ज्या डोळ्यात दृष्टीची आशा उरलेली नाही तो जखमेपासून साधारण दोन आठवड्यांच्या आत काढला तर दुसरा वाचतो, हा अनुभव फार जुना आहे.

अमेरिकेतला विख्यात विनोदी लेखक जेम्स थर्बर याला हा अनुभव उलट्या बाजूने आला. १९०१ साली, सहा वर्षांचा असताना, भाऊ-भाऊ धनुष्यबाण खेळत होते. डोक्यावरच्या सफरचंदाचा वेध घेणाऱ्या विल्यम टेलचा खेळ. भावाचा बाण थर्बरच्या डोळ्यात बसला. तो डोळा वेळेवर काढला गेला नाही. उरलेल्या डोळ्यावर त्याने लिहिले, चित्रे काढली, जगाला हसवले. आणि उतारवयात तोही डोळा विझला.

विल्यम टेलचे नाव आमच्या गावाने ऐकले नव्हते. पण आमच्याकडे राम होता. दूरदर्शनवर जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत रामायण चालले, मग लगेच महाभारत. रविवारी सकाळी अख्खी आळी एका टीव्हीपुढे, आणि दुपारी अख्ख्या आळीत युद्ध. वाकवलेल्या ओल्या काठीचे धनुष्य, तुराटीचा बाण, आणि त्याला अग्रभागी, शूरांच्या बाबतीत, बाभळीचा काटा. देशभरच्या नेत्रवैद्यांनी लिहून ठेवले आहे की दसऱ्याच्या सुमारास आणि या मालिकांच्या दिवसांत खराट्याच्या काड्यांच्या बाणांनी फुटलेले डोळे घेऊन पोरे येत. आणि विटी तर त्यांच्या यादीत हटकून वरच्या जागी असते. आपण मात्र खेड्यात प्रत्येक डोळ्याला 'नशीब' म्हणून मोकळे होतो. वेड घेऊन पेडगावला जाणे ते हेच.

आपल्या जुन्या वैद्यांनी सोंग आणले नव्हते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या आघातावर एक स्वतंत्र अध्याय आहे, एकोणिसावा. त्यात जखम डोळ्याच्या किती पडद्यांतून गेली यावर निदान बांधले आहे: एक पडदा फाटला तर बरे होते, दोन फाटले तर कठीण, तीन फाटले तर वैद्याने आशा सोडावी. औरंगाबादच्या त्या डॉक्टरांनी दिवा टाकून पहिल्यांदा जे पाहिले ते हेच, जखम किती खोल. त्याच संहितेत शरीरात रुतलेले लोखंड लोहचुंबकाने ओढून काढण्याचाही उल्लेख आहे. पुढे बर्लिनच्या हिर्शबर्गने १८७९ साली विजेच्या लोहचुंबकाने डोळ्यातले लोखंड बाहेर काढले.

लोखंडाच्या कणांवरून मला युरोपातल्या ओलोमोउत्स गावची एक गोष्ट आठवते. आज ते गाव चेक देशात आहे. या साऱ्या वाचनात मला सर्वांत रुतलेली गोष्ट हीच. आलोइस ग्लोगार नावाचा शेतमजूर. त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजून पांढरे पडले होते. उजेड-अंधार एवढेच कळे. त्याच सुमारास तिथल्या एदुआर्द झिर्म या नेत्रवैद्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला, कार्ल ब्राउअर. त्याच्या डोळ्यात लोखंडाचे कण खोल घुसले होते आणि डोळा वाचण्यासारखा नव्हता. तो काढावा लागला. पण त्या डोळ्यावरची काच, जिला आपण बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणतो, ती स्वच्छ होती. ७ डिसेंबर १९०५ रोजी झिर्मने त्या मुलाच्या डोळ्याचा हा पडदा घेऊन मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसवला. एका डोळ्यात तो टिकला नाही. दुसऱ्यात टिकला, आणि ग्लोगार पुन्हा पाहू लागला, कामावर गेला. माणसाचा पडदा माणसाला बसवून दृष्टी टिकल्याची जगातली ही पहिली शस्त्रक्रिया. आज आपल्याकडे नेत्रदानाचे फॉर्म भरतात, पंधरवडे साजरे होतात, त्या साऱ्याच्या मुळाशी चुन्याने भाजलेला एक मजूर आणि एका अकरा वर्षांच्या पोराचा गेलेला डोळा आहे.

आम्हीही अकरा वर्षांचेच होतो. म्हणून ही गोष्ट मला वर्गात कोरड्या आवाजात सांगता येत नाही.

चुन्याचे पुढे सांगतो, कारण तो आपल्या प्रत्येक ओट्यावर आहे. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, लग्न म्हणजे पाहुणे, आणि पाहुणे म्हणजे पान-तंबाखू. पूर्वी चुना डबीत असे. आता तो प्लास्टिकच्या पुडीत येतो. पाहुण्याने पुडी खाली टाकली की रांगते पोर ती उचलते, दोन्ही हातांत धरून दाबते, आणि ती फुटून पिचकारी सरळ तोंडावर येते. पोराचे हात आखूड, म्हणून चेहरा जवळ. म्हणून नेम चुकत नाही. देशातल्या मोठमोठ्या नेत्ररुग्णालयांतल्या डॉक्टरांनी यावर लेख लिहिले आहेत. चुन्याची जात अशी की तो वर थांबत नाही. आम्लाने मांस गोठते आणि पुष्कळदा तीच पुढे भिंत होते. चुना मात्र चरबी विरघळवीत आत आत जातो, वरून शांत दिसले तरी. म्हणून इथे एकच औषध, तेही घरातलेच: पाणी. लागलीच, त्याच जागी, पापण्या उघड्या धरून, पोर कितीही रडो, निदान अर्धा तास साध्या स्वच्छ पाण्याची धार. पापणीच्या आत अडकलेले चुन्याचे खडे ओल्या कापडाच्या टोकाने टिपायचे, आणि मग डॉक्टर. दूध नको, मध नको, लिंबू तर नकोच नको.

आणि विटी, बाण, काटा, तार यांचे नेमके उलटे. तिथे धुवायचे नाही, चोळायचे नाही, काही घालायचे नाही, रुतलेले असेल तर ओढायचे नाही. कागदी पेला किंवा डबीचे झाकण डोळ्यावर असे धरायचे की डोळ्याला दाब लागणार नाही, कडा हाडावर टेकेल, आणि निघायचे. मी हे दर वर्षी पोरांकडून घोकून घेतो: चुन्याला पाणी, टोकाला झाकण. आमच्या घरी हे एवढे ठाऊक असते तरी त्याचा डोळा वाचला असता असे मी म्हणत नाही. पण चार दिवस चोळला गेला नसता.

मग खेळ बंदच करावे का? गावातले काही पालक मला तसे म्हणतात. मला ते पटत नाही. विटी बंद केली तर पोरे क्रिकेट खेळतील, आणि तिथे काय निराळे आहे? दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर ९ जुलै २०१२ रोजी इंग्लंडमध्ये टॉन्टनला खेळत होता. फिरकी गोलंदाज, म्हणून डोक्यावर हेल्मेट नाही. चेंडूने यष्टी उडवली आणि वरची बेल त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. बेल म्हणजे काय? बोटाएवढे लाकूड, दोन्ही टोके निमुळती. विटीची धाकटी बहीणच. डोळ्याचे पांढरे कवच फाटले आणि दुसऱ्या दिवशी त्याने निवृत्ती जाहीर केली. आपला सबा करीम ढाक्याला २००० साली आशिया चषकात अनिल कुंबळेच्या चेंडूने असाच जायबंदी झाला. इतके कसलेले हात, इतकी चपळ नजर, तरी लाकूड आणि चेंडू त्यांच्यापेक्षा वेगवान ठरले. 'आमचा पोरगा हुशार आहे, चुकवील' असे म्हणणाऱ्या बापाला मी ही दोन नावे ऐकवतो.

कॅनडातल्या लोकांनी खेळ बंद केला नाही. तिथे बर्फावरचा हॉकी म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटहून अधिक वेड. १९७४-७५ च्या एका हंगामात त्या खेळात अडीचशेहून अधिक डोळ्यांच्या दुखापती नोंदल्या गेल्या. त्यांतले कित्येक डोळे कायमचे गेले. टॉम पॅशबी नावाचा टोरँटोचा नेत्रवैद्य आकडे घेऊन दारोदार फिरला. खेळाडू म्हणाले, जाळी घालून खेळणे म्हणजे बायकी. प्रशिक्षक म्हणाले, दिसणार नाही. तरी १९८० च्या सुमारास लहान मुलांच्या खेळात तोंडावरची जाळी सक्तीची झाली, आणि पूर्ण जाळी घातलेल्या पोरांचे डोळे जाणे जवळजवळ थांबलेच.

पेडगावात जाळी कुठून आणणार? मी आणलेली नाही. पण पॉलिकार्बोनेट नावाच्या न फुटणाऱ्या प्लास्टिकचे गॉगल कारखान्यांत वापरतात, ते परभणीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते फार महाग नसतात. साध्या काचेचा चष्मा मात्र घात करतो, तो फुटून आत जातो. विटीची टोके आम्ही आता सुपारीसारखी गोल तासतो. तेवढ्याने धोका संपत नाही, कारण बोथट लाकूडही डोळा आतून फोडते. पण कमी होतो. झेल घेणाऱ्याने कुठवर यायचे त्याची रेघ ओढतो. आणि 'डोळा' हा डाव मी शाळेच्या आवारात खेळू देत नाही. पोरे कुरकुरतात, आकड्यांची साखळी तुटते म्हणतात. तुटू दे.

हे सारे करूनही माझा खरा रोख दुसरीकडेच असतो. एप्रिलच्या शेवटी, सुट्टी लागायच्या आधी, मी पालकांना बोलावतो. येतात त्या बहुधा आया आणि आज्या. त्यांना मी हात जोडून एवढेच सांगतो की लेकरू डोळा धरून आले तर पहिला प्रश्न 'कुणी सांगितलं होतं तिथं जायला' हा करू नका. पहिली चापट मारू नका. दुसरी, तिसरी मागाहून हवी तर मारा. एका आजीने मागे मला विचारले, "मास्तर, तुमाला मार बसला व्हता का लहानपणी?" मी म्हणालो, "बसला नाही. बसंल म्हणून घाबरलो होतो." तिला हे फारसे कळले नसावे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या नळीबंदुकांनी शंभराहून अधिक जणांचे, त्यांतही मुख्यतः मुलांचे, डोळे भाजले. पाणी आणि कार्बाइड यांचा वायू नळीत कोंडायचा, ठिणगी द्यायची. आवाज झाला नाही की पोर नळीत डोकावून पाहते आणि तेव्हाच ती उडते. वानरे हाकलायचे शेतकऱ्याचे हत्यार खेळण्यात आले. बातम्या वाचताना माझ्या मनात एकच येत होते, यांतली किती पोरे आधी घरी लपून बसली असतील.

त्या मित्राचा डावा डोळा नवव्या दिवशी काढला. आजीने शेवटी मान हलवली ती काकांच्या सांगण्यावरून नव्हे. डॉक्टरांनी तिला जवळ बसवून विचारले होते, "आजी, पिकाला कीड लागली तर रोगट झाड उपटता की सगळं रान जाऊ देता?" ती उठली, पदर तोंडाशी धरला आणि बाहेर जाऊन बसली. त्याचा उजवा डोळा आजही शाबूत आहे. तो पाच एकर कसतो, ट्रॅक्टर चालवतो, आणि उजव्या डोळ्यावर बारा महिने पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालतो. एकच असल्यावर त्याला सुट्टी नसते. डावीकडे कृत्रिम डोळा आहे. गावात त्याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही. आम्ही त्या दुपारबद्दल आजवर एकदाही बोललेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा धाकटा माझ्या घरी विटी मागायला आला. मला काही सुचेना. तेवढ्यात मागून तोच आला, हातात बाभळीचा ओंडका आणि वासला. ओट्यावर बसून त्याने विटी तासली, टोके गोल केली, अंगठ्याने दाबून पाहिली, पुन्हा तासली. मग खिशातून गॉगल काढून पोराला चढवला आणि त्याला रेघ आखायला पाठवले. पोरगा अंगणातून मोठ्याने मोजीत होता, वकट, लेंड, मूंड, नाल. तिथे थांबून त्याने विचारले, "बाबा, नालच्या पुढं काय असतं?"

तो माझ्याकडे वळला. मान वळवूनच त्याला डावीकडचा माणूस दिसतो. म्हणाला, "मास्तरला विचार. त्याला सगळं येतं."